उशीखालची भाकरी

मागें एका पावसाळ्यांत आमच्या मातोश्री मांडीचें हाड मोडून अंथरुणास खिळल्या. चौथ्या महिन्यांत चादर बदलतांना त्यांच्या उशीखालीं भाकरीचे वाळलेले तुकडे निघाले. १९७२ च्या दुष्काळांत, आम्ही तान्हे असतांना, त्या असेच तुकडे लपवून ठेवीत. पुढें घरांत धान्याची ददात राहिली नाहीं आणि ती संवयहि सुटली. निदान आमचा तसा समज होता.

"आई, आतां तुला काय कमी आहे गं?" आम्ही चिडून बोललों. त्यांनीं मान खालीं घातली.

प्राध्यापकाला आपली चूक बहुधा पुस्तकांतच सांपडते. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें १९२४ मध्यें पीटर नांवाच्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सशाला भिणाऱ्या पीटरची भीति निर्भय मुलांच्या संगतींत बरीच ओसरली होती. इतक्यांत त्याला स्कार्लेट ज्वर झाला. दोन महिन्यांनीं रुग्णालयांतून निघतांना एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि सशाची भीति मूळपदावर आली!

पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांतहि विझविलेली लाळेची प्रतिक्रिया नुसत्या विश्रांतीनंतर परत येई. विझणें म्हणजे पुसलें जाणें नव्हे. जुन्या धड्याशेजारीं 'आतां भय नाहीं' असा नवा धडा लिहिला जातो, इतकेंच. हा नवा धडा मोठा नाजूक असतो. दीर्घकाळ ताणाखालीं ठेवलेले उंदीर भीति विझविण्याचा धडा शिकतात, परंतु पुढें तो आठवणें त्यांना जड जातें, असें प्रयोगांत दिसलें आहे. ती आठवण राखण्याच्या कामीं मेंदूच्या पुढील भागाचें साह्य लागतें. दीर्घ ताणानें तोच दुबळा होतो.

म्हणजे मातोश्रींनीं सुबत्तेवर अविश्वास दाखविला नव्हता. महिनोन्‌महिन्यांच्या वेदनेनें त्यांचा नवा धडा झांकोळला होता, आणि त्याखालचा १९७२ चा धडा वर आला होता.

पीटरचा पुढचा उपाय साधा होता: त्याला आवडीचा खाऊ द्यावयाचा आणि त्या वेळीं ससा थोडा थोडा जवळ आणावयाचा. अखेर सशानें बोटें कुरतडलीं तरी तो भ्याला नाहीं. आम्हीहि भाकरीची भरलेली दुरडी मातोश्रींच्या दृष्टीसमोर ठेवूं लागलों, आणि रात्रीं त्यांच्या खाटेशींच पान मांडून जेवूं लागलों. हळूहळू तुकडे कमी झाले. ज्या दिवशीं एखादा निघे, त्या दिवशीं आम्ही तो मुकाट्यानें पुन्हां उशीखालींच ठेवीत असूं.