बाबांची एट हंड्रेड आणि चाळीस नंबरचं तेल

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की पेढे वाटून होईपर्यंतच काय ती आपली चैन. त्यानंतर घरातला मिक्सर, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर आणि आत्याचा गिझर हे सगळं आपल्या खात्यावर जमा होतं. "इंजिनिअर होणारेस ना? मग बघ की जरा!" बिघाड इलेक्ट्रिकलचा असला तरी नातेवाइकांना फरक पडत नाही. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी विचारलेला प्रश्न मात्र खरोखर आपल्या सिलॅबसमधला निघाला.

"गाडीत कुठलं ऑईल टाकू?"

गाडी म्हणजे मारुती एट हंड्रेड, २००३ चं मॉडेल. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे घरात तिचा मान आधी. आम्ही वाईचे. बाबांची बँक पाचगणीला आणि माझी कॉन्व्हेंट शाळाही पाचगणीला, तेव्हा दहावीपर्यंत रोज सकाळी पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा हा आमचा तिघांचा कार्यक्रम. (माझ्या मराठीत कुठे खड्डे लागले तर दोष घाटाचा. पायथ्याशी मराठी आणि वर पोचलं की इंग्रजी, अशी सवय.) पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन २०१८ साली संपलं, तेव्हा बाबांनी ते पाच वर्षांनी वाढवलं. २०२३ साली परत वाढवलं.

तर या गाडीतून दिवाळीत टकटक असा आवाज येत होता आणि डिपस्टिकवरची पातळीही उतरत होती. मिस्त्रीकाकांनी बॉनेटवर हात ठेवून, डॉक्टर नाडी बघतात तसं, निदान केलं. "वय झालंय साहेब. आता जाड आईल लागतंय. वीस-पन्नास टाकून बघू. नाहीच जमलं तर इंजिन खोलायला लागंल." इंजिन खोलायचं म्हणजे वीस-पंचवीस हजारांची गोष्ट. बाबा घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तेवढे घालण्यापेक्षा देऊन टाकू." तेवीस वर्षांच्या गाडीला 'देऊन टाकू' म्हणजे कुठे, हे सगळ्यांना कळलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, काही न बोलता परत आत गेली.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. स्पेअर पार्टच्या दुकानदाराचं म्हणणं, "जाड-बिड सोडा, फुल सिंथेटिक पाच-तीस घ्या, इंजिन लोण्यासारखं चालेल." पुण्याच्या मामाने फोनवर सांगितलं की त्याच्या नव्या गाडीत शून्य-सोळा घालतात, तेच सगळ्यात आधुनिक. एका म्हाताऱ्या इंजिनासाठी तीन वैद्य आणि तीन काढे.

आता हे आकडे काय असतात ते आधी बघू. व्हायव्हामध्ये हमखास विचारतात आणि हमखास चुकतं. २०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू 'वेट'चा नव्हे, 'विंटर'चा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा आकडा गरम इंजिनातलं. एसएई या संस्थेने तेलांचं पहिलं वर्गीकरण १९११ साली केलं, पुढे त्यात भर पडत गेली. आज २०डब्ल्यूची स्टार्टिंगची कसोटी उणे १५ अंशांवर घेतात, १५डब्ल्यूची उणे २० वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर आणि मामाच्या ०डब्ल्यूची उणे ३५ वर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. म्हणजे आपल्या अख्ख्या हिवाळ्याची मजल शून्याच्या आसपास! गाडी चालूच होणार नाही, ही भीती आपल्याला नाही. तरीही पहिला आकडा जितका लहान, तितकं तेल सकाळी लवकर वरपर्यंत पोचतं, एवढा उपयोग आहेच.

खरी भानगड दुसऱ्या आकड्याची. तेल १०० अंशांवर तापवून मोजतात. ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक भरलं तर ३०, साडेबारा ते १६.३ पर्यंत ४०, आणि त्याच्या वर २१.९ पर्यंत ५०. (व्हिस्कॉसिटीला मराठीत 'विष्यंदिता' म्हणतात असं शब्दकोशात सापडलं. पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं नाव वाटतं. मी आपला 'जाडपणा' म्हणते.) गंमत अशी की ज्याला आपण जाड म्हणतो ते चाळीस नंबरचं तेल इंजिनात तापलं की आपल्या फडताळातल्या शेंगदाणा तेलापेक्षाही पातळ होतं. उलट सकाळच्या गारठ्यात तेच तेल कितीतरी पटींनी दाट असतं. म्हणून 'जाड तेल' असं नुसतं म्हणण्याला अर्थ नाही. किती अंशांवर जाड, हे विचारायला हवं.

आणि जाडपणा हवा तरी कशाला? क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा धातूला धातू लागत नाही, शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ब्यूचँप टॉवर नावाच्या इंग्रज इंजिनिअरला १८८० च्या दशकात हे जवळजवळ अपघाताने कळलं. बेअरिंगला वंगणासाठी वरून पाडलेल्या भोकात तो बूच मारायचा आणि तेल ते बूच बाहेर ढकलून द्यायचं. गेज लावलं तर बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त दाब निघाला. त्यावरून ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली सिद्धांत मांडला. हो, तोच नंबरवाला रेनॉल्ड्स.

सुट्टी संपवून परत येताना मी गाडीतून काढलेलं तेल मिनरल वॉटरच्या बाटलीत भरून घेतलं. त्याच २०डब्ल्यू-४० चं नवं तेल दुसऱ्या बाटलीत आणि मिस्त्रीकाकांचं २०डब्ल्यू-५० तिसऱ्या. हॉस्टेलच्या गेटवर रेक्टर मॅडमनी बॅग उघडायला लावली आणि काळी बाटली बघून विचारलं, "काकवी का गं?" मी नाही म्हणेपर्यंत रूम-पार्टनरने चमचा शोधायला सुरुवात केली होती.

आपल्या लॅबमधला रेडवुड व्हिस्कोमीटर सगळ्यांना माहीत आहे. सेकंड इयरला ज्याची रीडिंग्ज आपण मागच्या बॅचच्या जर्नलमधून 'घेतो', तोच. सरांनी परवानगी दिली, लॅबवाल्या मामांनी बाथ लावून दिला. भोकावरचा गोळा उचलायचा, स्टॉपवॉच दाबायचं आणि खाली ५० सीसी जमायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. ९० अंशांवर नवं चाळीस ८० सेकंदांत उतरलं. पन्नासने १०० सेकंद घेतले. बाबांच्या गाडीतलं जुनं, डब्यावर ४० लिहिलेलं तेल उतरलं ६७ सेकंदांत. मी तीनदा घेतलं. मामा म्हणाले, "जर्नलमध्ये कधी तीनदा घेतलं होतं का?" ४० अंशांवरचंही रीडिंग घेऊन सूत्रात घातलं आणि १०० अंशांचा हिशोब काढला, तर आकडा साडेबाराच्या खाली. म्हणजे गाडीत चाळीस घातलेलं, पण आत तीस नंबरचं तेल फिरत होतं.

तेल पातळ का झालं असेल? दोन कारणं संभवतात. मल्टिग्रेड तेलात पॉलिमरच्या लांब साखळ्या मिसळलेल्या असतात. गरम झाल्या की त्या पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. इंजिनात दळल्या जाऊन त्या तुटतात. दुसरं कारण पेट्रोल. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल दिलं जातं, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. इंजिन नीट तापलं की ते उडून जातं. तापलंच नाही, तर साचत राहतं. दोन्हींत फरक कसा करायचा, तर त्याच लॅबच्या कोपऱ्यात पेन्स्की-मार्टेन्सचं फ्लॅश पॉइंटचं यंत्र आहे. पॉलिमर तुटून तेल पातळ झालं तर फ्लॅश पॉइंट फारसा हलत नाही, पेट्रोल मिसळलं तर धाडकन खाली येतो. नवं तेल २०० च्या वर गेल्यावर पेटलं. जुनं १६० लाच. (हा प्रयोग सरांसमोरच करायचा, आणि बेताने.)

मग मी फोनवर बाबांची उलटतपासणी घेतली. मी दहावी झाले त्याच सुमारास त्यांची बदली वाईला झाली. तेव्हापासून गाडी घर ते बँक, बँक ते घर. जेमतेम दोन किलोमीटर. कधी मंडई, कधी आजीला घेऊन दवाखाना. वर्षानुवर्षं रोज घाट चढणारी गाडी गावातल्या गावात फिरत होती. तापमानाचा काटा मधोमध यायच्या आत किल्ली बंद. आणि तेल पाच हजार किलोमीटरला बदलायचा नियम बाबा इमानदारीने पाळत होते, फक्त ते पाच हजार भरायला जवळजवळ दोन वर्षं लागत होती.

आता जाड तेलाचा उपाय बघा. इंजिन झिजतं म्हणजे बेअरिंगमधली फट वाढते. फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं आणि जाडपणाच्या प्रमाणात कमी होतं. समजा ०.०४ मिलिमीटरची फट ०.०५ झाली, तर १.२५ चा घन, जवळजवळ दुप्पट गळती. आणि चाळीसच्या जागी पन्नास घालून जाडपणा वाढला किती? माझ्या रीडिंगप्रमाणे तीस टक्क्यांच्या आत. दुपटीला तीस टक्क्यांचं ठिगळ! शिवाय या गाडीचा सगळा प्रवास थंड इंजिनावर, म्हणजे पन्नास नंबर जेव्हा सगळ्यात दाट असतं तेव्हाच. पंपावरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडणार, थोडं तेल वर न जाताच परत चेंबरमध्ये पडणार, आणि वरचे टॅपेट वाट बघत टकटक करणार.

दुकानदाराच्या पाच-तीसला मी वेगळ्याच कारणाने नाही म्हटलं. सकाळी ते झकास पळेल, पण पेट्रोल मिसळून चाळीसचं तीस होत असेल, तर तीसचं काय होईल? मामाचं शून्य-सोळा तर या गाडीच्या जन्माच्या वेळी अस्तित्वातच नव्हतं. ज्या इंजिनांचे पंप, बेअरिंग आणि फटी त्याच मापाने आखलेल्या असतात, त्यांच्यासाठी ते पेट्रोल वाचवायला बनवलेलं आहे.

मिस्त्रीकाकांना मी हे सगळं समीकरणात सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीत फक्त विचारलं, "काका, प्रेशर मोजू या का?" त्यांच्याकडे गेज होतं. डॅशबोर्डवरच्या तेलाच्या दिव्यावर विसंबून चालत नाही, दाब पार तळाला गेल्यावरच तो पेटतो. घाट चढून-उतरून गाडी चांगली तापवली, ऑईल स्विच काढून त्या जागी गेज लावलं. तीन हजार आरपीएमला तीन किलोच्या वर. आयडलला काटा खाली आला, पण स्थिर राहिला. काकांनी गेजला टिचकी मारली, परत बघितलं आणि म्हणाले, "ताई, इंजिन खोलायचं काम नाही हे." मग त्यांनीच फिलर गेज घेऊन टॅपेट सेट केले. टकटक तिथेच निम्म्याहून कमी झाली. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता, त्यावरच्या डागांवरून गळती टॅपेट कव्हरच्या पॅकिंगची निघाली. तेही बदललं.

काकांचं वीस-पन्नास उगीच नसतं, हेही सांगायला हवं. त्यांच्याकडे येणाऱ्या वडापच्या जीप दिवसभर भरून धावतात, उन्हात तापतात आणि गरम आयडलला गेजचा काटा तळाशी जातो. तिथे पन्नास घालून गाडी आणखी वर्षभर ओढता येते. त्यांनी आयुष्यभर ज्या गाड्या पाहिल्या, त्यांच्यासाठी तो सल्ला बरोबर आहे. आमची गाडी दमलेली नव्हती, तिला काम नव्हतं.

शेवटी तेच २०डब्ल्यू-४० भरलं, नव्या फिल्टरसकट. पंधरा-चाळीसचाही मोह झाला होता, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही, हे सरांचं वाक्य आठवलं. बदललं ते एवढंच, की आता तेल किलोमीटरवर नाही, दर सहा महिन्यांनी काढायचं, आणि रविवारी गाडी पाचगणीपर्यंत जाऊन यायची.

"वर जाऊन करायचं काय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. तेल तापवायचं."

पहिल्या रविवारी ते एकटेच गेले. आता आईही जाते. येताना स्ट्रॉबेरी असतात, म्हणून पेट्रोलच्या खर्चावर घरात चर्चा होत नाही. डिपस्टिकची पातळी बाबा बँकेच्या जुन्या डायरीत तारखेनिशी लिहितात, अक्षर पासबुकातल्यासारखं. मार्चमध्ये त्यांनी डिपस्टिकच्या नळीतून सिरिंजने थोडं थोडं तेल काढून बाटली भरली आणि एसटीने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवली. रेक्टर मॅडमनी या वेळी काही विचारलं नाही. चार महिन्यांचं तेल, ९० अंश, ७६ सेकंद. फ्लॅश पॉइंट १९० च्या पुढे. मामांनी स्टॉपवॉच माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, आता एकदा मी घेतो. त्यांचेही ७६ च आले.