विमा फलाटावर संपतो

मोबाइलवर रेल्वेचं तिकीट काढताना पैसे भरण्याआधी एक छोटी चौकट समोर येते: प्रवास विमा हवा का? दर माणशी 45 पैसे. बहुतेक लोक न वाचता 'हो' म्हणतात, काही न वाचता 'नाही' म्हणतात. मी देसाईगंजात विमा सल्लागाराचं काम करतो. प्रवासाला निघालेला माणूस माझ्याकडे आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "विमा आहे नं भाऊ?" उत्तर 'हो' असूनही घरच्यांच्या हाती काही न लागलेलं मी पाहिलं आहे. म्हणून मी त्याला उलट तीन गोष्टी विचारतो. प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर? कशामुळे झालेल्या नुकसानीसाठी? आणि कागदावर नाव कुणाचं?

त्या 45 पैशांपासूनच सुरुवात करू. हा विमा 1 सप्टेंबर 2016 ला सुरू झाला. रेल्वे अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 10 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत, जखमीच्या दवाखान्याच्या खर्चाला 2 लाखांपर्यंत आणि पार्थिव घरी नेण्यासाठी 10 हजार रुपये. इतक्या कमी पैशात इतकं मोठं संरक्षण मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही आणि ते नाकारण्याचं एकही कारण मला सापडत नाही. पण त्याच्या कडा ओळखून घ्या. तिकीट ऑनलाइन काढलेलं हवं, ते पक्कं किंवा आरएसी हवं. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला हा विमा नाही, वेटिंगमधल्या प्रवाशाला नाही. गाडीत चढण्यापासून गाडीतून उतरण्यापर्यंतच तो चालतो. म्हणजे मुंबईहून येणारा मुलगा आमच्या देसाईगंजच्या वडसा स्टेशनावर उतरला की त्याचा विमा फलाटावर संपला. पुढे कोरचीपर्यंतचा, रात्रीचा, जंगलातला रस्ता त्याने कोणत्याही छत्राशिवाय कापायचा आहे.

आणखी एक गोष्ट. तिकीट निघालं की विमा कंपनीकडून मोबाइलवर किंवा ईमेलवर एक दुवा येतो, त्यात वारसाचं नाव भरायचं असतं. तो निरोप कुणी उघडत नाही. मग वेळ आली की दुःखातल्या घराला वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दोन मिनिटांचं काम आहे, तिकीट काढल्याबरोबर उरकून टाका.

गडचिरोली जिल्ह्यात कित्येक दशकं रेल्वे स्टेशन म्हटलं की वडसा हेच एक. गोंदिया–बल्लारशा मार्गावरच्या लोकलमध्ये साधं तिकीट काढून बसणारा मजूर, विद्यार्थी, बाजाराला निघालेली बाई यांना 45 पैशांचा विमा मिळतच नाही. पण त्यांच्यासाठी कायदा आहे आणि तो आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 124-अ नुसार गाडीतून अपघाताने पडून प्रवाशाचा मृत्यू झाला तरी रेल्वेने भरपाई द्यायची असते. चूक रेल्वेची होती हे सिद्ध करावं लागत नाही. ही रक्कम 2017 पासून 8 लाख आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा, त्याचं खंडपीठ नागपूरला आहे आणि मुदत एक वर्षाची. खिशात तिकीट सापडलं नाही म्हणून पुष्कळ घरं गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली रीना देवी प्रकरणात सांगितलं आहे की केवळ तिकीट न सापडल्याने दावा फेटाळता येत नाही. तो माणूस प्रवासी होता हे घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर मांडलं की ते खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. ऑनलाइन तिकीट असेल तर ही भरपाई आणि विम्याचे 10 लाख वेगवेगळे मागता येतात.

या दोन्हींत एक शब्द समान आहे, अपघात. तो नीट समजला नाही तर बाकी सगळं समजून उपयोग नाही. गाडीत बसलेल्या माणसाला छातीत कळ आली आणि तो गेला, तर तो प्रवासात गेला, पण अपघातात गेला नाही. तिकिटाच्या विम्यातून काही मिळत नाही, रेल्वेच्या कायद्यातूनही नाही, कारण आजाराने आलेला मृत्यू त्या कलमात स्पष्टपणे वगळला आहे. घरच्यांना हे सांगणं माझ्या कामातला सर्वात अवघड भाग आहे. आजारासाठी आरोग्य विमा लागतो, आयुर्विमा लागतो. प्रवासाचा अपघात विमा त्यांची जागा घेऊ शकत नाही.

परदेशाचा प्रवास असेल तर गणित उलटं होतं. तिथे आजारपणाचा खर्च हाच विम्याचा गाभा आणि अपघाताची रक्कम जोडीला. आता आपल्या भागातली मुलंही अमेरिकेत, जर्मनीत नोकरीला आहेत आणि आईवडील दोन-चार महिन्यांसाठी जातात. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा मिळायला किमान 30 हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण दाखवावंच लागतं, म्हणून लोक तेवढंच घेतात. अमेरिकेच्या व्हिसासाठी अशी सक्ती नाही, म्हणून तिथे काही जण विम्याशिवायच जातात, आणि उपचार सर्वात महाग तर तिथलेच. स्वस्त योजनेत वरची रक्कम मोठी दिसते, पण आत खोलीला इतकं, शस्त्रक्रियेला इतकं असे तुकडे पाडलेले असतात. बिल त्याच्या कितीतरी पट आलं तरी मिळणार तेवढाच तुकडा. साठीच्या पुढच्या प्रवाशांना हे तुकडे बऱ्याचदा लागू असतात, तेव्हा ते पान आधी वाचा. पहिली ठरावीक रक्कम, बहुधा 100 डॉलर, आपल्या खिशातून जाते. सामान उशिरा येणं, पासपोर्ट हरवणं, आई-बाबा आजारी पडल्याने प्रवास रद्द होणं हे वरच्या पायरीच्या योजनांत येतं. मन बदललं म्हणून प्रवास रद्द केला तर नेहमीच्या योजनेत काही मिळत नाही. विमान कंपनीच बुडाली तर बहुतेक योजनांत तेही येत नाही. 2019 मध्ये जेट एअरवेज आणि 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा हजारो प्रवासी तिकिटाचे पैसे परत मिळण्याची वाट बघत राहिले.

साखर आणि रक्तदाब अर्जात लिहा. मुलं म्हणतात, लिहिलं की हप्ता वाढतो. वाढू द्या. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी जुन्या चिठ्ठ्यांतून बाहेर येतोच आणि मग सगळा विमा कागदापुरता उरतो. आधीपासूनच्या आजारावर बऱ्याच योजना फक्त जीव धोक्यात असेल तेव्हाच आणि तेही मर्यादेत खर्च देतात. ती मर्यादा निघण्याआधीच विचारून घ्या.

इथे नेपाळचा उल्लेख केला पाहिजे. विदर्भातून बौद्ध बांधवांच्या बसेस बोधगया, कुशीनगर करत लुंबिनीला जातात. सरहद्द इतकी सहज ओलांडली जाते की आपण परदेशात आलो असं वाटतच नाही. पण घरी असलेला आरोग्य विमा बहुतेक वेळा भारतातल्या उपचारांपुरताच असतो. बसमधल्या सत्तरीच्या आजीसाठी त्या दोन-तीन दिवसांचा वेगळा विमा काढणं हे सहलीच्या आयोजकाचं काम आहे आणि ते तिकिटाच्या पैशातच धरलेलं असावं.

आता रस्त्याकडे येतो. आपला खरा प्रवास रेल्वेने किंवा विमानाने होत नाही, रस्त्याने होतो. एसटीच्या तिकिटात 2016 पासून एक रुपया अपघात सहायता निधीचा असतो, त्यातून मृत्यूला 10 लाखांपर्यंत मदत मिळते. खासगी गाडीत मात्र सगळं त्या गाडीच्या पॉलिसीवर अवलंबून असतं आणि ती पॉलिसी प्रवाशाने कधी पाहिलेली नसते.

सर्वात खालची पायरी म्हणजे कायद्याने सक्तीचा थर्ड पार्टी विमा. तो गाडीबाहेरच्या माणसासाठी आहे. खासगी कारमध्ये आत बसलेला पाहुणा त्यात येत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर तो येतो. मालक स्वतः चालवत असेल तर त्याला 15 लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, पण तो त्याच्या एकट्याचा; शेजारी बसलेल्या बायकोचा नाही. तिच्यासाठी प्रवाशांचं जोड संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आता आपल्या जंगलातला रस्ता डोळ्यांसमोर आणा. रात्री दोन वाजता रानडुक्कर आडवं आलं आणि गाडी उलटली. दुसरी गाडीच नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या विम्याकडे जायची सोयही नाही. आतल्या माणसांना जे मिळेल ते त्याच गाडीच्या पॉलिसीतून. ती नुसती थर्ड पार्टी असेल, तर विमा कंपनीकडे त्यांना मागण्यासारखं काही उरत नाही. हाच फरक दरवर्षी काही रुपये वाचवण्यासाठी डावलला जातो. घरची कार खासगी म्हणून नोंदवून भाड्याने फिरवली, तर पॅकेज असूनही कंपनी दावा अडवू शकते.

याहून बिकट स्थिती मालवाहू गाडीची आहे. ट्रक किंवा पिकअपमध्ये सामानावर बसून जाणाऱ्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली आशा राणी प्रकरणात ठरवलं. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढाच अपवाद. लग्नाच्या वऱ्हाडाला, रोवणीच्या मजुरांना आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या नटांना हा निकाल थेट लागू पडतो.

नटांबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. इथल्या रस्त्यावर नाटक कंपन्यांच्या कार्यालयांच्या पाट्या ओळीने दिसतात. भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगावी मंडई, शंकरपट आणि त्यासोबत रात्रभर नाटक. संध्याकाळी कलाकार, वादक, पडदे, दिवे भरून गाड्या निघतात, पहाटे प्रयोग संपला की त्याच गाड्या जागलेल्या चालकाच्या हाती परततात, आणि त्या संध्याकाळी दुसऱ्या गावाला जातात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा अशा चार जिल्ह्यांतले हे रस्ते. हंगामभर इतका धोकादायक प्रवास करणारा दुसरा कलावंत महाराष्ट्रात क्वचितच असेल, आणि त्याच्या वाट्याला आलेलं संरक्षण जवळपास शून्य. रात्रीच्या हिशोबाने पैसे घेणाऱ्याला नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून नियोक्त्याचा विमा नाही.

2023 साली राज्य शासनाने पंढरीच्या वारकऱ्यांसाठी वारीच्या 30 दिवसांचं विमा छत्र जाहीर केलं: मृत्यूला 5 लाख, कायमच्या अपंगत्वाला 1 लाख, आजारपणाला 35 हजारांपर्यंत. चालत्या समूहाचा विमा काढता येतो, हे तिथे दिसलं. त्याच वर्षी गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीचा देशभर मान झाला. मग या रंगभूमीच्या हंगामाचं छत्र का असू नये? माझ्या मते ते शासनाने द्यावं. पण शासनाची वाट पाहण्याचीही गरज नाही. गट अपघात विमा हा साधा, जुना प्रकार आहे. नाटक कंपनीने आपल्या संचातल्या सगळ्यांची नावं, वयं आणि कामं लिहून द्यायची, चालक आणि पडदा ओढणारा मुलगाही त्यात धरायचा, आणि हंगामाचा विमा घ्यायचा. संचात माणूस बदलला की यादीत बदल कळवायचा. हे राहिलं तर नव्या नटासाठी विमा नसल्यासारखाच. घेताना त्यात दवाखान्याचा खर्च आहे का आणि नागपूरपर्यंतच्या अॅम्ब्युलन्सचा खर्च आहे का, हे विचारायचं, कारण डोक्याचा मार असेल तर इथून नागपूरलाच जावं लागतं.

तोवर प्रत्येक कलाकाराने स्वतःपुरतं एक काम करावं. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू करावी. वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख. ट्रक असो, पायवाट असो, गाडी कुणाचीही असो, हा विमा माणसासोबत चालतो. मेअखेरीस खात्यात पैसे नसतील तर तो बंद पडतो, एवढं लक्षात ठेवावं. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानातूनही 2 लाख आहेत. अपघात विम्यांच्या मृत्यूच्या ठरावीक रकमा एकमेकींत वजा होत नाहीत, त्या सगळ्या मागता येतात; दवाखान्याचं बिल मात्र एकदाच मिळतं. आणि 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात पहिले 7 दिवस दीड लाखांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात, ही गोष्ट प्रत्येक चालकाला तोंडपाठ हवी.

नाटक कंपन्यांच्या मालकांना आणि गावोगावच्या आयोजक मंडळांना माझी विनंती आहे. या हंगामाचा बयाणा देता-घेता करारावर एक ओळ वाढवा: संचातल्या सर्वांचा अपघात विमा काढलेला आहे, पॉलिसी क्रमांक अमुक. मंडळांनी ती ओळ पाहिल्याशिवाय तारीख पक्की करू नये. विमा कसा काढायचा हे समजून घ्यायला माझ्याकडे या, दुसऱ्या कुणाकडे जा, पण पहिला प्रयोग लागण्याआधी जा.