आतून आलेला निरोप

पवित्र आत्मा आपल्याशी रोज बोलतो, असं आमच्या वसईच्या चर्चमध्ये फादर नेहमी सांगतात. बोलतही असेल. पण मी पडलो बँकेतला कारकून. लेखी आणि सहीनिशी आल्याखेरीज काही खरं मानायचं नाही, हे आमचं बावीस वर्षांचं वळण; आणि आत्म्याचा तर सगळाच कारभार तोंडी! शिवाय माझ्या आत तो एकटाच बोलतो असंही नाही. रविवारी पहाटे मिस्सेची घंटा झाली की ‘पाऊस आहे रे, झोप’ म्हणणारा एक आवाज आहे. तो तर इतका मायाळू, की कुणाही भाविकाचा गैरसमज व्हावा.

यातला खरा कोण हे ओळखण्याची युक्ती संत इग्नेशियस लोयोलांना अंथरुणात पडल्यापडल्या सापडली. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्यांचा पाय मोडला. घरी पडून त्यांनी शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, तर मिळालं ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. (आमच्याकडे आजाऱ्याला निदान जुना दिवाळी अंक तरी देतात.) मग ते कधी मनातल्या मनात एका थोर घराण्यातल्या बाईपुढे पराक्रम गाजवायचे, कधी संतांसारखे अनवाणी, पाला खात जेरुसलेमला निघायचे. गोडी दोन्हीत. पण पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं, दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिकायची. म्हणजे विचार गेल्यावर मागे काय शिल्लक राहतं ते बघायचं. ‘शिल्लक’ म्हटल्यावर आम्ही बी.कॉम. माणसं लगेच भक्त होतो.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याच्या महिन्यात, एक आजी आल्या नाहीत. दरवर्षी पहिल्या दिवशी रांगेत पहिल्या, आणि हातात माझ्यासाठी सुकेळीची पुडी. वीस तारीख उलटली. ‘जाऊन बघ,’ आतून कुणीतरी म्हणालं. लगेच दुसरा: ‘तू काय पोस्टमन आहेस? पेन्शन थांबली की येतील धावत.’ रात्री दोन्ही विचार ताळ्याला घेतले. दुसरा अगदी नियमाला धरून होता, पण त्याच्यामागे उरलं काहीच नाही. पहिल्यानं झोप येऊ दिली नाही, तरी बरं वाटत होतं.

संध्याकाळी गेलो. आजी खाटेवर, खुब्याचं हाड मोडलेलं, मुलगा आखातात. दाखला हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो. मी फोन समोर धरला आणि म्हटलं, “आजी, डोळे मिचकवा.”

“या वयात परपुरुषाला डोळा मारू?”

“सरकारला मारायचाय, आजी!”

त्यांनी आधी क्रुसाची खूण केली, मग मिचकवले. हयात असल्याचं सरकारनं मान्य केलं.

“चार दिवस रोझरी म्हणतेय रे पोरा, कुणाला तरी धाड म्हणून,” त्या म्हणाल्या. “मी मॅनेजर मागितला होता. बस. सुकेळी डब्यात आहेत, हात पुरत असेल तर काढ.”