गळती एका रिटर्नची

'टॉप'मध्ये एकही प्रोसेस संशयास्पद दिसत नव्हती. सगळ्यांची बेरीज केली तरी १६ जीबीपैकी निम्मी मेमरीही भरत नव्हती. तरी लॉगमध्ये ओओएम किलरने कुणाचा ना कुणाचा बळी घेतलेला असायचाच. ग्राहकाची माणसं सर्व्हर रीबूट करायची, पंधरवडा बरा जायचा आणि पुन्हा तेच.

एखादा प्रोग्राम गळका असला तरी तो बंद पडला की त्याची मेमरी कर्नल परत घेतो. कर्नलच्या आतल्या गळतीला मात्र कुणी वाली नसतो, रीबूट होईपर्यंत ती मेमरी गेलीच. आम्ही लिनक्ससाठी फाइलसिस्टिम मॉड्यूल लिहितो, म्हणजे आमचा कोड नेमका तिथेच चालतो. त्यामुळे पहिलं बोट आमच्याकडेच आलं, आणि ते योग्यच होतं.

मेमइन्फोमध्ये स्लॅबचा आकडा फुगलेला होता. असं दिसलं की बहुतेक जण डेंट्री आणि आयनोडच्या कॅशला दोष देऊन मोकळे होतात. पण त्या कॅश गरज पडली की रिकाम्या करता येतात. ड्रॉप-कॅशेसमध्ये २ लिहून पाहिलं, तेवढा भाग खाली आला. 'एसअनरिक्लेम'ची ओळ जागची हलली नाही. स्लॅबटॉपमध्ये सगळ्यात वर होतं 'केमॅलॉक-१२८'. या नावावरून काहीच कळत नाही, कारण १२८ बाइटपर्यंतचे तुकडे कर्नलभर कुणीही तिथूनच घेतं.

दिशा मिळाली ती वेळेवरून. केमॅलॉक-१२८चा आकडा दिवसभर सपाट असायचा आणि रात्री दोननंतर चढायचा. रात्री दोनला बॅकअप सुरू व्हायचा.

मग केमेमलीक चालू करून कर्नल नव्याने बिल्ड केला. कॅटलिन मरिनास यांचं हे साधन २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत आलं. ते कर्नलची मेमरी चाळतं आणि ज्या तुकड्याचा पत्ता कुठेच सापडत नाही त्याला बेवारस ठरवतं. मशीन त्याने चांगलंच मंदावतं, म्हणून ग्राहकाच्या सर्व्हरवर ते लावायचा प्रश्नच नव्हता. आमच्या लॅबमध्ये तोच बॅकअप प्रोग्राम चालवला. थोड्या वेळाने स्कॅन करायला सांगितलं आणि यादी धो-धो आली. प्रत्येक नोंदीत आकार १२८. हेक्स डंपच्या उजव्या कडेला 'यूजर' आणि टिंब असं चक्क वाचता येत होतं. म्हणजे एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटचं नाव! खाली बॅकट्रेसमध्ये आमचंच फंक्शन.

त्या फंक्शनमध्ये सुरुवातीला नाव जुळवायला केमॅलॉकने बफर घेतला होता आणि शेवटी 'आउट' या लेबलखाली केफ्रीने तो सोडला होता. मधली प्रत्येक चूक 'गोटू आउट' करून तिथे जात होती. फक्त एक सोडून. मागणाऱ्याचा बफर लहान पडला, तर थेट 'रिटर्न -ईरेंज'. (गोटूला नाकं मुरडणाऱ्यांनी कर्नलचा कोड जरूर वाचावा.) बॅकअप प्रोग्राम दर फाइलला आधी मुद्दाम लहान बफर देऊन बघायचा, ईरेंज आलं की मोठा घेऊन परत यायचा. त्यात गैर काहीच नाही. पण चाळीस लाख फायली आणि दर फाइलला १२८ बाइट, म्हणजे रात्रीत सुमारे ५०० एमबी गायब.

दुरुस्ती दोन ओळींची झाली: एररचा आकडा व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि गोटू आउट. आमच्या टेस्ट या फंक्शनवरून रोज जात होत्या, पण प्रत्येक वेळी भरपूर मोठा बफर घेऊन.

२०२३ च्या ६.५ कर्नलपासून, स्कोप संपला की आपोआप केफ्री होईल अशी सोय 'क्लीनअप' हेडरमध्ये आहे. जुनी फंक्शनं त्याने आपोआप सुधारत नाहीत. असा कोड तुमच्या ताब्यात असेल तर लहान बफर द्या, फेलस्लॅब लावून केमॅलॉक मुद्दाम फसवा आणि त्यानंतर केमेमलीकची यादी वाचा.