नकार देणारा दुकानदार

दिवाणखान्यात काचेची टाकी असावी, तिच्यात हिरवी पाणवनस्पती डुलत असावी आणि चारदोन रंगीत मासे संथपणे फिरत असावेत, ही हौस मराठी घरांना नवी नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि मुंबई पाहून आलेला पाहुणा राणीच्या बागेबरोबर तेथील माशांचेही वर्णन करू लागला. ऐकणाऱ्या मुलांनी ते मनात साठवले. पुढे ती मुले मोठी झाली, नोकरीधंद्यास लागली आणि त्यांच्या घरांतून टाक्या आल्या. महाराष्ट्राबाहेर, मैकलच्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या नांदणारी आमच्यासारखी कुटुंबेही याला अपवाद राहिली नाहीत.

हौस पुरवायची तर दुकान हवे. आमचे गाव बैहर. येथून बालाघाट साठाहून अधिक किलोमीटर. वाटेत उकव्याची मँगनीजची खाण, साल-सागाचे जंगल आणि घाटाची वळणे. बालाघाटहून गोंदिया आणखी चाळीसेक किलोमीटर. आम्ही मासे आणतो ते या दोन ठिकाणांहून. नागपूर वा जबलपूरच्या गृहस्थास मासा आजारी दिसला तर तो संध्याकाळी पुन्हा दुकानाची पायरी चढतो. आम्हांस ती सोय नाही. दुकानदाराने एकदा सांगितलेले वाक्य आम्हांस महिना महिना पुरवावे लागते. त्यामुळे चांगले दुकान कोणते, हा प्रश्न आमच्याकडे त्या मुक्या जिवांच्या जगण्यामरण्याचा होऊन बसतो. आमची टाकी पाहून ज्या स्नेह्यांनी वेळोवेळी हा प्रश्न विचारला, त्यांच्यासाठी आणि अशाच आडगावी राहणाऱ्या वाचकांसाठी आमचा अनुभव येथे मांडतो.

गोंदियाच्या एका दुकानाची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. नातीच्या वाढदिवसाचे निमित्त करून आम्ही तेथे गेलो, दोन फूट लांबीची टाकी निवडली आणि मासे दाखवा म्हणालो. दुकानदाराने मासे दाखविण्याऐवजी प्रश्न विचारावयास आरंभ केला. घर कोठे? पाणी नळाचे, विहिरीचे की बोअरचे? वीज किती वेळ जाते? हिवाळ्यात थंडी कितपत? घरी कोण असते? सर्व ऐकून घेऊन तो म्हणाला, "काकाजी, टाकी आज न्या. मासे आज देत नाही. पंधरा दिवसांनी या, तेव्हाही दोन-तीनच देईन." नातीचा चेहरा उतरला. आम्हांसही क्षणभर नवल वाटले, कारण हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास परत पाठविणारा व्यापारी रोज भेटत नाही. परंतु त्याने कारण सांगितले, आणि ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच न खाल्लेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो अल्प प्रमाणातही विषारी असतो. नदीत तो वाहून जातो, विरून जातो; टाकीत तो जाणार कोठे? निसर्गाने याचीही योजना केली आहे. वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर काही सूक्ष्म जंतू वाढतात. त्यांपैकी काही अमोनियाचे नायट्राइट करतात. हेही विषच. दुसरे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य असते आणि दर आठवड्यास थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. नव्या कोऱ्या टाकीत हे जंतू नसतात. ते आपोआप पुरेसे वाढावयास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लखलखीत टाकीतले स्वच्छ दिसणारे पाणी पहिल्या पंधरवड्यातच माशांचा जीव घेते ते यामुळे.

त्या दुकानदाराने आपल्या जुन्या टाकीतील स्पंजाचा एक तुकडा कापून, पाण्यासह पिशवीत बांधून दिला. "हा वाळू देऊ नका, नळाखाली धुऊ नका. नव्या फिल्टरमध्ये ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका." आमच्या सूनबाईंना हे तत्काळ उमगले. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे विरजणच की!" खरोखर याहून नेमका शब्द सापडणार नाही. विरजण लावल्यावर दही होण्यास जसा वेळ द्यावा लागतो तसाच तो टाकीलाही द्यावा लागतो, आणि चांगले विरजण शेजारच्या घरातून मागून आणावे तसे ते चांगल्या दुकानातून मिळते. त्या तुकड्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो आणि तीन मासे आणले. ते तिन्ही जगले.

चांगल्या दुकानाची पहिली खूण म्हणूनच आम्ही ही मानतो, की तेथे विकण्याआधी विचारले जाते. थंडीचा प्रश्न त्याने का केला तेही सांगतो. आमच्या पठारावर पौष-माघात पहाटे हाडे गोठतात. शेजारच्या कान्हाच्या कुरणांवर दहिवर गोठून पांढरे होते. एंजल, टेट्रा हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले उष्ण पाण्याचे मासे; त्यांना चोवीस ते अठ्ठावीस अंशांचे पाणी मानवते. हीटर लावावा, तर रात्री वीज गेली की तो निरुपयोगी. ज्यास हे ठाऊक आहे तो दुकानदार बैहरच्या गिऱ्हाइकास एंजल दाखविण्यापूर्वी दोनदा विचार करील, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्यावयास सांगेल. तोही नसेल तर टाकीतलेच पाणी तांब्याने उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहावे म्हणजे त्यात हवा मिसळते, ही बिनखर्ची युक्तीही तो लपवून ठेवणार नाही.

दुसरी खूण डोळ्यांनी पाहावयाची. दुकानात शिरताच किमती विचारू नयेत. पाच मिनिटे टाक्यांपुढे स्वस्थ उभे राहावे. सडका वास येतो काय? तळाशी मेलेला मासा पडून आहे काय? मेलेला मासा कोठल्याही दुकानात आढळेल. परंतु तो सकाळपासून तसाच असेल तर मालकाचे लक्ष नाही असे समजावे. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत असतील, पर अंगास चिकटवून कोपऱ्यात बसले असतील, पोट खपाटीला गेले असेल किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील, तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नये, मग तो दिसावयास कितीही धडधाकट असो. एकच जाळी सर्व टाक्यांतून फिरत असेल तर एका टाकीचा रोग दुसरीत जातो. उलट, नुकताच आलेला माल वेगळ्या टाकीत ठेवून "हे अजून विकायचे नाहीत" असे जेथे सांगितले जाते, तेथे निःशंक मनाने खरेदी करावी. हे मासे पुष्कळदा कलकत्त्याच्या वा मद्रासच्या आसपासच्या तळ्यांतून वाढून, रेल्वेने लांबचा प्रवास करून आलेले असतात. प्रवासाचा शीण उतरावयास माणसासही वेळ लागतो.

तिसरी खूण सत्य बोलण्याची. गोल काचेच्या भांड्यात एकुलता एक गोल्डफिश ठेवण्याची प्रथा चित्रांतून आणि चित्रपटांतून आपल्याकडे आली. चीनमध्ये हजारांहून अधिक वर्षे जोपासलेला हा मासा वीतभर सहज वाढतो आणि नीट सांभाळल्यास दहा वर्षे वा त्याहूनही अधिक जगतो. त्या भांड्यात तो जगत नाही, फक्त मरावयास वेळ लावतो. 'काच साफ करणारा' म्हणून खपविला जाणारा सकर हा दक्षिण अमेरिकेतला मासा. विकताना बोटाएवढा असतो आणि पुढे फूटभराहून मोठा होतो. हे जो आधी सांगतो तो चांगला दुकानदार. आमच्या परिचयाच्या एका घरी दूरच्या शहरातल्या एका दुकानातून गुलाबी, निळ्या, पिवळ्या रंगांचे पारदर्शक मासे आले होते. मुले हरखून गेली. ते होते ग्लास फिश, आपल्याच देशातील गोड्या पाण्यातले, काचेसारखे निर्मळ अंग असलेले. त्यांच्या अंगात सुई खुपसून रंग भरला होता. काही दिवसांतच दोन मेले. उरलेल्याचा रंग हळूहळू उडाला आणि तो पुन्हा मूळचा, पारदर्शक, सुंदर झाला. मुलांनी विचारले, "असाच का नाही विकला?" या प्रश्नाचे उत्तर त्या दुकानदाराने द्यावयास हवे होते.

आपल्या देशातल्या माशांचा विषय निघालाच आहे तर झेब्रा माशाची आठवण करून देतो. निळसर पट्ट्यांचा, दोन इंचांपेक्षाही लहान, दुकानातला सर्वांत स्वस्त माशांपैकी एक. गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो अनुवंशशास्त्राच्या अभ्यासासाठी वाढविला जातो. मानवी जनुकांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांना त्याच्यात जोड सापडते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. तो थोडी थंडीही सोसतो. परदेशी महागड्या माशांच्या गर्दीत "हा घ्या, हा आपला आहे आणि तुमच्याकडे टिकेल" असे सांगणारा दुकानदार आपला नफा कमी करून आपली विश्वासार्हता वाढवीत असतो.

चौथी गोष्ट बांधणीची. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि उरलेल्या भागात प्राणवायू. मासे आदल्या दिवशी उपाशी ठेवलेले, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. पिशव्या थर्माकोलच्या डब्यात, अंधारात. किती तासांचा प्रवास हे विचारून जो त्याप्रमाणे बांधतो, त्याचे मासे उकव्याचा घाट चढून सुखरूप घरी पोहोचतात. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे आणि शेवटी मासे तेवढे टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी बाहेर टाकून द्यावे.

शेवटची खूण आमच्या लेखी सर्वांत मोठी आहे, आणि तिचा संबंध आमच्या घरापेक्षा आमच्या नदीशी अधिक आहे. चांगला दुकानदार नको झालेला मासा परत घेतो. गप्पीची जोडी आणली की महिन्या-महिन्याने पिलांचे थवे होतात. सकर टाकीत मावेनासा होतो. बदली होते, घर बदलते. अशा वेळी कनवाळू माणसाच्या मनात येते, की जीव मारण्यापेक्षा नदीत सोडून द्यावा, पुण्य लागेल. आमच्याकडे ही नदी म्हणजे बंजर. ती कान्हाच्या जंगलाच्या कडेने वाहत जाऊन मंडल्याजवळ नर्मदेस मिळते. टाक्यांतून सुटलेले सकर मासे देशातल्या अनेक नद्या-तलावांत आज वंश वाढवून बसले आहेत. त्यांच्या खरबरीत, काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात आणि मूळच्या माशांचा घास ते हिरावून घेतात. आमच्या भागातील गोंड-बैगा कुटुंबांच्या जेवणात ओढ्यानाल्यांतली लहान मासळी असते. आपल्या दिवाणखान्यातील दयेची किंमत त्यांच्या ताटाने का चुकवावी?

येथे कोणी म्हणेल, की आरोग्य खात्याची माणसेही गप्पी मासे पाण्यात सोडतात. सोडतात खरी. हिवतापाने आमच्या जंगलपट्टीस पिढ्यान् पिढ्या छळले आहे, आणि डासांच्या अळ्या खाणारा हा मासा हौद, टाकी, विहीर अशा बंद पाण्यात उपकारक ठरतो. वाहत्या पाण्यात मात्र तोही परकाच. परत घेण्याची सोय असलेले दुकान हा भेद कृतीने शिकविते: पिले आणून द्या, बदल्यात खाद्याची पुडी न्या. गोंदियाच्या त्या दुकानात आम्ही दोनदा पिले पोहोचविली आहेत.

हे सर्व वाचून कोणास वाटेल, की एवढे गुण असलेले दुकान मिळणे म्हणजे भाग्यच. आमचे मत थोडे निराळे आहे. 'आज मासे देत नाही' म्हणणाऱ्याचे त्या दिवशीचे नुकसान रोकडे असते. त्याच्या शेजारचा मुकाट्याने टाकी, मासे, रंगीत खडे आणि प्लॅस्टिकचा पाणबुड्या एकाच पिशवीत भरून देतो आणि आठ दिवसांनी तेच मासे पुन्हा विकतो. पहिल्याचे दुकान चालावयाचे असेल तर त्याचा नकार ऐकून घेणारे आणि पंधरा दिवसांनी शेजारच्याकडे न जाता त्याच्याचकडे परतणारे गिऱ्हाईक हवे. चार पैसे अधिक पडले, दोन खेपा अधिक झाल्या, तरी ते सोसावे. गावोगावच्या मराठी घरांनी एवढे मनावर घेतले, तर चांगली दुकाने शोधत फिरण्याची वेळ येणार नाही. ती आपल्याच आश्रयाने उभी राहतील.