दुसरी किल्ली

कुलपापेक्षा किल्लीच माणसाला अधिक छळते, असे माझे जुने मत आहे. कुलूप बिचारे एकदा कोयंड्यात अडकवले की मुकाट्याने लोंबकळत राहते. किल्लीचे तसे नाही. ती कनवटीला असली तर टोचते, देवळीत ठेवली तर पोरे पळवतात, आणि शेजारणीकडे दिली तर शेजारीण नेमकी त्याच दिवशी अर्धापूरच्या बाजाराला गेलेली असते! म्हणूनच की काय, आमच्या डोंगरकड्यात पूर्वी पुष्कळ घरची मंडळी कडीत एक काडी खोचून केळीच्या बागेत कामाला जात. काडी दिसली की समजावे, घरात कोणी नाही. आत जाऊ नये. आणि कोणी जातही नसे.

किल्ली या विषयाचा नीट विचार करायला मला लावले ते माझ्या पुतणीने. ती नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संशोधन करते. हे विद्यापीठ १९९४ साली निघाले. शिकणारी मुलगी शनिवारच्या एस.टी.ने घरी जेवायला येऊ शकते, हे आम्हां काका लोकांच्या दृष्टीने त्याचे केवढे तरी कार्य! या खेपेला ती आली ती एक काम डोक्यात घेऊन. बरोबरच्या संशोधकांनी तिच्यावर जबाबदारी टाकली होती: सगळ्यांच्या लॅपटॉपांना कोणते कुलूप घालायचे, ते तिने ठरवायचे.

“अगं, पण पासवर्ड असतोच की त्याला!” मी म्हणालो.

“तो नुसता दाराचा अडसर, काका. चोर भिंत फोडून आला तर?”

मग तिने मला समजावून सांगितले. लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, की पासवर्ड न विचारता आतले सारे कागद वाचता येतात. त्यातून तिच्या यंत्रात दोन बिऱ्हाडे. एका बाजूला विंडोज, कचेरीच्या कामासाठी. दुसऱ्या बाजूला लिनक्स, आकडेमोडीसाठी. एका वाड्यात दोन भाऊ राहावेत, पण चूल एका वेळी एकाचीच पेटावी, असा हा संसार. बटण दाबले की यंत्र विचारते, कोणाला उठवू? गंमत अशी, की लिनक्सला उठवले तर त्याला विंडोजच्या खोलीतले सगळे सामान दिसते. मध्ये भिंत म्हणून जी आहे तो केवळ पडदा!

“दिसू दे की. तुझ्या यंत्रात चार आकड्यांशिवाय आहे काय?”

यावर ती थोडी गप्प झाली. हळद शिजवणाऱ्या आणि केळीचे घड वाहणाऱ्या बायांकडे जाऊन ती त्यांची दुखणी आणि त्यांची कर्जे विचारत असते. त्यांतल्या एकीने आपले मंगळसूत्र कोणाकडे गहाण आहे ते सांगितले, आणि मग घाबरून विचारले, “हे कुठं लिहायलीस गं माय? मालकाला कळणार नाही ना?”

माझी थट्टा तिथेच थांबली. आपली वस्तू गेली तर आपण हळहळतो आणि विसरतो. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू ही अमानत. ती गेली तर तोंड कुठे लपवावे? मार्च २००५ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातून एक लॅपटॉप चोरीस गेला. आत सुमारे ९८ हजार माणसांची माहिती उघडीवाघडी पडलेली होती. यंत्राची किंमत ती काय! पण तेवढ्या माणसांना कळवण्याची पाळी विद्यापीठावर आली. आपल्याकडे २०२३ साली झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, माहिती फुटली तर ज्याची त्याला कळवावे, असे कलम आहे.

तेव्हा कुलूप हवे, आणि ते साऱ्या डिस्कला हवे. याला एन्क्रिप्शन म्हणतात. लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलत होतो, तिचेच हे थोर भावंड. ‘लाडू’चा ‘चडूला’ केला की फराळाच्या डब्यावरचा कट मोठ्यांना कळत नसे. पण एखाद्या आत्याला युक्ती समजली की सारे संपले. १८८३ साली केर्कहॉफ्स नावाच्या डच पंडिताने यावर तोडगा लिहून ठेवला: युक्ती शत्रूला कळली तरी चालेल अशी रचना करा, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आजचे कुलूप त्याच तत्त्वावर चालते. एईएस ही त्याची पद्धत २००१ पासून सर्वांसाठी छापून ठेवलेली आहे, आणि तरीही किल्लीवाचून ते उघडत नाही.

राहिली निवड. विंडोजचे घरचे कुलूप बिटलॉकर, लिनक्सचे लक्स, आणि तिसरे व्हेराक्रिप्ट. व्हेराक्रिप्ट दोन्हींकडे चालते म्हणून तेच एक साऱ्या वाड्याला लावावे, असे आधी तिच्या मनात होते. पण ते विंडोजची अख्खी खोली बंद करते. लिनक्सची करीत नाही. शेवटी ज्याचे त्याला दिले: विंडोजला बिटलॉकर, लिनक्सला लक्स, आणि दोघांना लागणाऱ्या सामाईक कोठीला तेवढे व्हेराक्रिप्ट. बिटलॉकरचा राखणदार म्हणजे टीपीएम नावाची चिप. हा गृहस्थ फार संशयी. यंत्र सुरू होण्याच्या रीतीत लिनक्सने काही बदल केलेला दिसला, की तो वाट अडवतो आणि ४८ अंकांची खूण मागतो. आणि हो, ही सारी कुलपे यंत्र बंद असेपर्यंतच. चालू लॅपटॉप सोडून चहाला जाणे म्हणजे दार सताड टाकून कुलूप खिशात नेणे!

“आणि किल्ली हरवली तर?”

“तर संपले, काका. याला किल्लीवाला नाही.”

लोखंडी कुलपाला निदान हातोडा असतो. इथे तोही नाही. म्हणून दुसरी किल्ली हवी. लक्सच्या जुन्या प्रकाराला ८ आणि नव्याला ३२ पर्यंत किल्ल्या लावता येतात. पण ती ठेवायची कोणाकडे? कोणाकडेच नाही म्हणावे, तर उद्या मुलीला काही झाले की तीन वर्षांचे काम मातीत. मार्गदर्शकांकडे द्यावी, तर बाईने एकीला सांगितलेले दोघांचे झाले.

रात्री जेवताना तिने आपला निर्णय सांगितला. दुसरी किल्ली आणि ते ४८ अंक कागदावर लिहून पाकिटात घालायचे, तोंडावर दोघांच्या सह्या, आणि पाकीट विभागाच्या कपाटात. ते दोघांसमक्षच उघडायचे. मात्र बायांची खरी नावे त्यात नाहीत. कामाच्या कागदांवर नुसते क्रमांक. नावांची यादी वेगळ्या कुलपात, आणि त्याची दुसरी किल्ली कोठेच नाही.

“विसरलीस तर?”

“तर नावे जातील. काम राहील. पण फुटली, तर त्या बाईला घरात राहता येणार नाही.”

मी काही बोललो नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण दिवे लावून दार उघडे ठेवतो, लक्ष्मीने यावे म्हणून. पण त्याच रात्री माजघरातली पेटी कोणी उघडी टाकत नाही. दोन्हींत विसंगती आहे, असे मला आता वाटत नाही. माणसांनी मन मोकळे करून बोलायचे, तर ऐकणाराच्या घरी एक तरी पेटी घट्ट हवी. हळद शिजवण्याच्या दिवसांत ती पुन्हा गावात फिरेल. त्या बाईने परत विचारले, तर तिच्या डोळ्यांत बघून माझी पुतणी म्हणू शकेल, “नाही मावशी, कुणालाच कळणार नाही.”