ठाण्याच्या वहीतला आजार

मानसिक आजाराची नोंद पोलिसांकडे पुष्कळदा गुन्ह्यापायी होत नाही, काळजीपायी होते. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या एखाद्या मराठी घरातला माणूस रात्री परतला नाही, की घरचे माधवनगर ठाणे गाठतात. तिथे ‘गुम इंसान’ कायम होतो, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद होते. उंची, वर्ण, कपडे सांगून झाले की शोध लवकर लागावा म्हणून घरचेच पुढचे सांगतात: इंदूरला उपचार चालू आहेत, गोळ्या सोडल्या होत्या. सोयरिकी जुळवताना जे कधी ओठांवर आले नाही, ते पाच मिनिटांत कागदावर उतरते. माणूस सापडला तरी कागद राहतो.

लिहून ठेवणे हे ठाण्याचे कामच आहे. १८६१च्या पोलीस कायद्याच्या ४४व्या कलमाने रोजनामचा सक्तीचा केला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलिसांची भूमिका पुष्कळ सौम्य केली. कलम १०० प्रमाणे भटकणाऱ्या रुग्णाला संरक्षणात घ्यायचे, चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचे, कोठडीत मात्र ठेवायचे नाही. पण तो बेघर असेल तर हरवल्याची फिर्याद नोंदवा, असेही तेच कलम सांगते. दयेलाही दप्तर लागते!

गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये आहे. तो पाळण्याचे बंधन मात्र स्पष्ट शब्दांत उपचार करणाऱ्यांवरच आहे. कलम २४ रुग्णालयातल्या रुग्णाची माहिती संमतीविना प्रसारमाध्यमांना देऊ देत नाही. ठाण्यातली नोंद कोणी पाहावी, किती वर्षे ठेवावी, कधी पुसावी, याबद्दल हा कायदा गप्प आहे. वही कपाटात होती तोवर धूळ हेच तिचे कुलूप होते. २००९मध्ये मंजूर झालेल्या सीसीटीएनएस प्रकल्पाने ठाणी संगणकाने जोडली, आणि तेही गेले.

सर्वांत अवघड प्रश्न आत्महत्येच्या प्रयत्नाचा. २०१७च्याच कायद्याचे कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली मानते आणि शिक्षेतून वाचवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुन्या दंड संहितेतले कलम ३०९ उरलेच नाही. त्याआधीच्या गुन्हा रजिस्टरांत मात्र ही माणसे आरोपी म्हणूनच नोंदलेली आहेत. पोलिसांना आजाराची माहिती कधीच लागत नाही, असे नव्हे. बंदुकीच्या परवान्याला मनाच्या प्रकृतीचा दाखला लागतो आणि तो योग्यच आहे. पण तो आजचा डॉक्टर आज तपासून देतो; त्यासाठी जुना रोजनामचा उघडावा लागत नाही.